थायरॉइड कमी पडला की कोलेस्टेरॉल का वाढतं? आईचे रिपोर्ट आणि माझे प्रश्न

आरती_मिरज | १२ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई ५८ वर्षांची. गेल्या दिवाळीनंतर कॉलनीत शिबिर होतं, तिथे तिचं रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल २९६, ट्रायग्लिसराइड २१५, एचडीएल ('चांगलं' म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ५२, एलडीएल ('वाईट' म्हणतात ते) २०१. बाबा ४९ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, त्यामुळे दादा रिपोर्ट बघूनच हादरला. दुसऱ्या दिवसापासून घरातलं तूप बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, ओलं खोबरं बंद. भाकरीला वरून काही लावायचं नाही. फोडणीचं तेल वहिनी चमच्याने मोजायची. आईने आठ महिने हे सगळं निमूटपणे पाळलं. जूनमध्ये परत तपासलं तर एकूण २९१.

दादा तिला म्हणाला, "आई, खरं सांग, भजनाला जातेस तिथे काही खातेस का?" आई काही बोलली नाही, पण त्या आठवड्यापासून तिने भजनी मंडळात जाणंच सोडलं. मला हे वहिनीकडून कळलं आणि मी रजा टाकून घरी आले.

आल्यावर मी तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा सुजल्यासारखा. मे महिन्यात स्वेटर घालून बसायची म्हणे. बद्धकोष्ठ, सहा किलो वजन वाढलेलं, आवाज घोगरा. तळहात पिवळे दिसतात म्हणून शेजारच्या काकू तिला काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडेही घेऊन गेल्या होत्या. प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण सापडलं होतं: वय झालं, पाळी गेली, गुडघ्यांमुळे चालणं नाही.

सांगलीतल्या एका एमडी डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, डोळे पाहिले, टाचेच्या वर हातोडीने ठोकून पाहिलं आणि एकच तपासणी आधी करायला सांगितली. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, ग्रंथी कमी पडली की हा आकडा वाढतो) ६२, फ्री टी४ (ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक) ०.४, म्हणजे थायरॉइड खूपच कमी.

ते म्हणाले, आधी थायरॉइडची गोळी, कोलेस्टेरॉलची नंतर बघू. दादाचं म्हणणं, बाबांचं उदाहरण डोळ्यासमोर असताना थांबायचं कशाला, दोन्ही आजच सुरू करा. माझा प्रश्न साधा आहे. गळ्यातल्या एवढ्याशा ग्रंथीचा रक्तातल्या चरबीशी काय संबंध? आणि थांबणं बरोबर आहे का?

पाटील_इस्लामपूर | १२ जुलै, रात्री १०.०५

आरतीताई, आधी आईला सांगा की त्यांचं काही चुकलं नाही. बाकी उत्तरं येतीलच.

लॅबवाली_नाशिक | १२ जुलै, रात्री १०.३१

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते. निदान मी करत नाही, पण इतक्या वर्षांत रिपोर्टांची जोडी ओळखीची होते. कधीकधी सिरम बघूनच शंका येते. टीएसएच पन्नासच्या पुढे आणि कोलेस्टेरॉल २८०, ३०० ही जोडी मी असंख्य वेळा टाइप केली आहे. वाईट याचं वाटतं की बहुतेक वेळा आधी लिपिड प्रोफाइलच होते, दोन-तीन वेळा होते, आणि टीएसएच कुणाला तरी वर्षभराने सुचते.

आणखी एक. अशा पेशंटचा सीपीके, म्हणजे स्नायूंचं एन्झाइम, पुष्कळदा वाढलेला असतो. तुमच्या आईचा केला असेल तर बघा.

आरती_मिरज | १२ जुलै, रात्री १०.५०

केला आहे! ४१०. मला तो आकडा कशाचा तेच कळलं नव्हतं.

मूळचा_बार्शीकर | १३ जुलै, सकाळी ७.१२

त्या ४१० वरून माझ्या थोरल्या भावाची आठवण झाली. मी न्यू जर्सीत, तो बार्शीत. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून त्याला स्टॅटिन सुरू झालं. महिन्याभरात मांड्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढायचा. सगळे म्हणाले गोळीची सवय होईल. सीपीके १,५०० च्या वर गेला तेव्हा कुठे कुणीतरी टीएसएच करून पाहिली, ती ८० निघाली. स्टॅटिन बंद केलं, थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, सुरू झालं, हळूहळू दुखणं गेलं. वर्षभराने तेच स्टॅटिन कमी डोसमध्ये परत दिलं, तर काहीही झालं नाही. गोळी तीच, माणूस तोच, मध्ये फक्त थायरॉइड भरून आला होता.

तुमचे डॉक्टर थांबताहेत ते बहुतेक याच कारणाने.

सुगरण_मावशी | १३ जुलै, सकाळी ८.२०

मी कधीपासून सांगतेय, तूप निर्दोष आहे. आमच्या आजीने नव्वदीपर्यंत वरणभातावर तुपाची धार सोडली. उद्यापासून आईला तूप द्या.

निळावंती | १३ जुलै, दुपारी २.४५

मी रत्नागिरीत फिजिशियन आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांचा उपचार इथून ठरवणार नाही. पण प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून ओपीडी संपवून लिहितेय.

थायरॉइडचं टी३ हे संप्रेरक यकृताच्या पेशीत शिरतं आणि थेट केंद्रकात जाऊन काही जनुकांना काम करायला लावतं. त्यातलं एक जनुक एलडीएल रिसेप्टरचं. हा रिसेप्टर म्हणजे यकृताच्या पेशीवरचं दार. रक्तात फिरणारा एलडीएलचा कण त्या दाराला चिकटतो आणि आत ओढला जातो. टी३ कमी पडलं की दारं कमी तयार होतात. मग एलडीएलला आत जायला वाट मिळत नाही, ते रक्तातच फिरत राहतं. एरवी दोन-तीन दिवसांत निम्मं साफ होणारं एलडीएल जास्त काळ रेंगाळतं, आणि रिपोर्टात आकडा चढतो.

आता बारकावा. थायरॉइड कमी असताना यकृत कोलेस्टेरॉल बनवतंही कमी. म्हणजे आईंच्या शरीरात उत्पादन वाढलेलं नाही, उलट घटलेलं आहे. पण उत्पादनापेक्षा उचल जास्त घटली, म्हणून साठा वाढला. आठ महिने तेल मोजूनही २९६ चे २९१ च का झाले, ते इथे कळतं. तुम्ही आत येणारा माल कमी करत होतात, अडलेलं होतं ते बाहेर जाणं.

ट्रायग्लिसराइडचं कारण वेगळं. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाइम असतं, ते ट्रायग्लिसराइड फोडतं. थायरॉइड मंदावला की तेही मंदावतं, म्हणून २१५. यकृतातलं त्याचं भावंड, हिपॅटिक लायपेज, तेही ढिलं पडतं आणि अर्धवट पचलेले कण रक्तात उरतात.

पिवळे तळहात कावीळ नव्हे. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो. तुमच्या डॉक्टरांनी डोळे पाहिले ते याचसाठी असणार. थायरॉइड कमी असताना गाजर, पपई, पालेभाजी यांतल्या कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व होणं मंदावतं आणि ते कॅरोटिन त्वचेत साठतं. शिवाय कॅरोटिन रक्तात वाहून नेतात ते हेच वाढलेले लायपोप्रोटीन, म्हणजे एलडीएलसारखे चरबी वाहणारे कण. आणि टाचेवरची हातोडी: पाऊल झटक्याने हलतं, पण जागेवर यायला वेळ लावतं. टीएसएचची तपासणी नव्हती त्या काळात डॉक्टर यावरून ओळखायचे. आज ते करणारा डॉक्टर तुम्हाला भेटला हे चांगलं झालं.

मावशी, तुपाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. तुपातलं संपृक्त मेद जास्त झालं तर तेही यकृतावरची हीच दारं कमी करतं. आईंच्या २०१ चं मुख्य कारण तूप नव्हतं, एवढंच म्हणता येईल. तूप निर्दोष ठरलं असं यातून निघत नाही. चमचाभर तुपाने मात्र कुणाचं एलडीएल २०१ होत नाही, हेही घरच्यांना सांगा.

पाटील_इस्लामपूर | १३ जुलै, दुपारी ३.३०

निळावंतीताई, मला समजलं ते असं. आमच्या गल्लीत घंटागाडी रोज यायची, ती आठवड्यातून एकदा यायला लागली. घरात कचरा रोजच्यापेक्षा थोडा कमीच होतोय, तरी कोपऱ्यावर ढीग. आणि आपण घरच्या बाईला विचारतोय, एवढा कचरा करतेस कशाला. बरोबर?

निळावंती | १३ जुलै, दुपारी ३.४१

अगदी बरोबर. उद्या ओपीडीत हेच सांगणार आहे.

चौकस | १३ जुलै, सायंकाळी ६.१५

मी निवृत्त प्राध्यापक, जीवरसायनशास्त्र शिकवायचो. घंटागाडी छान आहे, पण एलडीएलला कचरा म्हणू नका, एवढी विनंती. प्रत्येक पेशीच्या पटलाला कोलेस्टेरॉल लागतं. पित्ताम्लं, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन सगळी त्यापासूनच बनतात. ती मालाची गाडी आहे. माल वाईट नाही, गाड्या रस्त्यातच अडकून पडल्या की रस्त्याची नासधूस होते.

निळावंतीताईंनी सांगितलेलं दार शोधलं मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी, टेक्सासमध्ये, १९७० च्या दशकात. १९८५ चं नोबेल त्यासाठीच. काही मुलांत जन्मतःच ही दारं नसतात आणि कोवळ्या वयात हृदयविकार होतो, त्या आजाराचा माग काढता काढता ते तिथे पोचले.

मला वर्गात नेहमी सांगावंसं वाटायचं ते असं, की स्टॅटिन काम करतं तेही याच दारापाशी. स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनणं अडवतं, पेशीला आत चणचण जाणवते आणि ती पृष्ठभागावर जास्त दारं उभी करते. रक्तातलं एलडीएल उतरतं ते मुख्यतः या वाढलेल्या दारांमुळे. म्हणजे संपृक्त मेद दारं कमी करतं, थायरॉइडची उणीव दारं कमी करते, थायरॉक्सिन ती परत आणतं आणि स्टॅटिन ती वाढवतं. चार वेगळ्या वाटल्या तरी गोष्टी एकाच उंबऱ्यावर येऊन भेटतात. आरतीताई, दादाला हे समजावून सांगा. आधी थायरॉइड पाहणं म्हणजे कोलेस्टेरॉलचा उपचार लांबवणं नव्हे, तोच उपचार सुरू झाला आहे.

शंकासूर | १३ जुलै, रात्री ९.०२

वाचनखूण साठवली. पण दोन शंका. सगळं मंदावतं तर आईंचं एचडीएल ५२ कसं? ते तर चांगलं आहे. आणि थायरॉक्सिनने दारं वाढत असतील तर थायरॉइड नॉर्मल असलेल्यांनीही कोलेस्टेरॉलसाठी तीच गोळी घ्यावी की. माझं एलडीएल १६५ आहे, मी मनापासून विचारतोय.

चौकस | १३ जुलै, रात्री ९.४८

पहिल्याचं उत्तर: एचडीएलमधून कोलेस्टेरॉल काढून दुसऱ्या कणांना देणारं सीईटीपी नावाचं प्रथिन असतं. थायरॉइड कमी असला की तेही मंद, आणि हिपॅटिक लायपेजही मंद. त्यामुळे एचडीएल तसंच राहतं किंवा थोडं वाढतंसुद्धा. हे चांगलं लक्षण समजू नका. ती साठलेली शिल्लक आहे, वाहतूक वाढलेली नाही.

दुसरी शंका फार जुनी आहे आणि तिच्यासाठी माणसांनी मोठी किंमत मोजली आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवर एक मोठी चाचणी सुरू झाली, कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट. त्यात एका गटाला डेक्स्ट्रोथायरॉक्सिन दिलं, थायरॉक्सिनचं आरशातलं प्रतिबिंब म्हणावं असं रूप. कल्पना हीच, तुमचीच, कोलेस्टेरॉल उतरवायचं. ते उतरलंही. पण त्या गटात मृत्यू जास्त दिसू लागले आणि ते औषध चाचणीतून मध्येच काढून टाकावं लागलं. १९७२ साली ते प्रसिद्ध झालं. कारण हेच संप्रेरक हृदयालाही पळवतं. आधीच आजारी हृदयाला ते झेपत नाही.

म्हणून पुढे संशोधक दुसऱ्या वाटेने गेले. थायरॉइडचा संदेश घेणारे रिसेप्टर दोन मुख्य जातींचे, अल्फा आणि बीटा. हृदयात अल्फाचा जोर, यकृतात बीटाचा. फक्त बीटाला जागं करणारं औषध शोधायचं. एप्रोटिरोम नावाचं एक औषध बरंच पुढे गेलं, पण कुत्र्यांच्या कूर्चेला इजा दिसली म्हणून २०१२ मध्ये चाचण्या थांबल्या. रेस्मेटिरोम मात्र तरलं. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ती यकृतात चरबी साठून व्रण पडू लागलेल्या विशिष्ट रुग्णांसाठी. त्यात एलडीएलही उतरतं. पण साधी थायरॉइडची गोळी मनाने घेणं म्हणजे १९७२ चा प्रयोग स्वतःवर करणं. कृपा करून करू नका.

शंकासूर | १३ जुलै, रात्री १०.१०

समजलं. नाही घेणार. उद्या आधी टीएसएच करून घेतो.

मूळचा_बार्शीकर | १३ जुलै, रात्री ११.५५

+१. एलडीएल १६५ असताना स्टॅटिनच्या आधी टीएसएच बघणं ही चैन नाही. ती तपासणी आधी करा असं मार्गदर्शक सूचनाही सांगतात. भावाच्या वेळी कुणी केली असती तर त्याचं ते वर्ष वाचलं असतं.

सुगरण_मावशी | १४ जुलै, सकाळी ७.५०

निळावंतीताई, तुपाचं पटलं. आता मिठाचं विचारते. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी सैंधव सुरू केलंय. थायरॉइडला ते चांगलं की आयोडीनवालं?

निळावंती | १४ जुलै, दुपारी १.२०

आयोडीनयुक्त मीठ सोडू नका, मावशी. उपासाला सैंधव घ्या, पण रोजच्या स्वयंपाकात नको. त्यात पुरेसं आयोडीन नसतं. १९५० च्या दशकात हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात घरोघरी गलगंड होता, डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन तो कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गर्भवती बायांच्या बाळांच्या मेंदूसाठी तर हे मीठ फार मोलाचं आहे.

पण आरतीच्या आईंसारख्यांचं कारण बहुतेक वेळा आयोडीनची कमतरता नसतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते, त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये तो लिहून ठेवला. त्यात जास्तीचं आयोडीन किंवा समुद्री शैवालाच्या गोळ्या घेऊन फायदा नाही, उलट बिघडू शकतं. मीठ आयोडीनचं असू द्या, त्यापलीकडे काही नको.

कोकणकडा | १४ जुलै, दुपारी ४.३३

धागा चांगला चाललाय, पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. माझी टीएसएच ६.८ आली, टी४ नॉर्मल. कोलेस्टेरॉल २३२. एका डॉक्टरने लगेच आयुष्यभराची गोळी लिहिली. दुसऱ्याने फाडून टाका म्हणून सांगितलं. वय ६९. कोण खरं?

लॅबवाली_नाशिक | १४ जुलै, सायंकाळी ५.०५

माझ्या मते तरी घ्यावी. सुरुवात अशीच होते, मग ६ ची ६० होते.

निळावंती | १४ जुलै, रात्री ८.१८

लॅबवालीताई, इथे मी वेगळं म्हणेन. ६.८ ची ६० सगळ्यांची होत नाही. कित्येकांची दोन महिन्यांनी परत केली तर ४ वर येते. वय वाढेल तशी टीएसएच थोडी वर सरकतेच. टी४ नॉर्मल असताना एलडीएल वाढतं, पण थोडं, आणि गोळीने उतरतं तेही थोडंच. २०१७ मध्ये ट्रस्ट या युरोपातल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ६५ वर्षांपुढची ७३७ माणसं, सगळी अशीच सौम्य. निम्म्यांना थायरॉक्सिन, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. वर्षाने थकवा आणि इतर लक्षणांत फरक दिसला नाही. आणि या वयात डोस जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात.

कोकणकडा, वय ४० असतं, टीपीओ अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्याची रक्तातली खूण) खूप असत्या, टीएसएच १० च्या वर असती किंवा गरोदरपण असतं, तर मी वेगळं बोलले असते. तुमचं २३२ त्या ६.८ मुळे आहे असं धरून चालू नका. त्याची वेगळी चौकशी करा. फाडून टाकणारे डॉक्टर बहुधा बरोबर, पण त्यांनी समजावून सांगायला हवं होतं.

कोकणकडा | १४ जुलै, रात्री ८.४०

इतक्या शांतपणे पहिल्यांदाच कुणी सांगितलं. आभार.

लॅबवाली_नाशिक | १४ जुलै, रात्री ९.१५

मान्य. माझ्या टेबलावर फक्त वाढलेलेच रिपोर्ट डोळ्यात भरतात, म्हणून तसं वाटत असावं.

आता माझ्या कामातलं सांगते, ते आरतीला उपयोगी पडेल. गोळी सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर आणखी चांगलं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. आपल्याकडे बायका सगळ्या गोळ्या एकाच वेळी तोंडात टाकतात आणि थायरॉक्सिन पोटात बांधलं जाऊन तसंच बाहेर जातं. अॅसिडिटीच्या औषधाचंही तेच. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगा, त्याने टीएसएच खोटी कमी दिसते. बाटली गॅसजवळच्या खिडकीत ठेवू नका. आणि दर पंधरा दिवसांनी टीएसएच करायला पळू नका. हे औषध शरीरात निम्मं व्हायला आठवडा घेतं, सहा ते आठ आठवड्यांनीच खरा आकडा कळतो.

आरती_मिरज | १४ जुलै, रात्री १०.२२

आई सकाळच्या चहाबरोबरच कॅल्शियम घेते! थायरॉइडची गोळीही त्यातच घ्यायला लागली होती. उद्यापासून बदलते.

निळावंतीताई, एक राहिलं. बाबांचा इतिहास असताना थांबण्यात धोका नाही ना?

निळावंती | १४ जुलै, रात्री १०.५५

आईंना स्वतःला झटका येऊन गेलेला नाही, स्टेंट नाही, ईसीजी चांगला असेल, तर काही महिने थायरॉइडला देणं योग्य. सीपीके ४१० असताना, थायरॉइड रिकामा असताना स्टॅटिन दिलं तर स्नायूंचा त्रास होण्याचा धोका वाढतो. बार्शीकरांच्या भावाचं तेच झालं. आणि झटका येऊन गेलेला असता तर हिशेब बदलला असता, तिथे एवढं थांबत नाहीत. डोसही याच विचाराने कमी ठेवून चढवतात. मंदावलेलं हृदय एकदम पळवायचं नसतं.

आणि बाबांच्या ४९ व्या वर्षाचा धोका रक्ताच्या नात्याने येतो. आईंचा नाही, तो तुमचा आणि तुमच्या दादाचा आहे. तुम्ही दोघांनी लिपिड प्रोफाइल केली आहे का?

आरती_मिरज | १४ जुलै, रात्री ११.०१

नाही. दोघांनीही नाही.

चौकस | १५ जुलै, सकाळी ६.४०

विषय निघाला म्हणून आईंसाठी एक गोष्ट. १८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. चेहरा सुजलेला, बोलणं जड, थंडी सोसत नाही, अगदी तुम्ही लिहिलंत तसंच. काही महिन्यांत ती ओळखू येईना इतकी सुधारली. पुढे तो अर्क पोटातून घेत ती आणखी २८ वर्षं जगली. शुद्ध थायरॉक्सिन १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी वेगळं केलं, २५ डिसेंबरला. आईंना म्हणावं, तुमच्या हातातल्या त्या छोट्या गोळीमागे एवढे लोक उभे आहेत.

आरती_मिरज | १४ सप्टेंबर, सायंकाळी ७.३०

धागा वर काढतेय. नऊ आठवडे झाले. टीएसएच ६२ वरून ११. डोस वाढवला आहे. चेहऱ्याची सूज उतरली, बद्धकोष्ठ गेलं. लिपिड अजून करू नका म्हणाले, टीएसएच जागेवर येऊ दे.

कॅल्शियम दुपारी जेवणानंतर घेते. चहा तासाने. घड्याळ लावून बसते.

पाटील_इस्लामपूर | १४ सप्टेंबर, रात्री ८.०१

घंटागाडी रोज यायला लागली म्हणायची!

आरती_मिरज | ३ डिसेंबर, रात्री ९.१५

आज रिपोर्ट आले. टीएसएच ३.१. एकूण कोलेस्टेरॉल २१८, ट्रायग्लिसराइड १४०, एचडीएल ५०, एलडीएल १४०. सीपीके १२०. स्टॅटिनची एकही गोळी न घेता. ऑगस्टपासून आई रोज एक चमचा तूप खाते, डॉक्टरांना विचारून.

रिपोर्ट दादाने वाचला. दोनदा वाचला. मग आईच्या पायाशी जाऊन बसला आणि म्हणाला, मी तुला तसं विचारायला नको होतं. आई म्हणाली, तू बाबांच्या भीतीने विचारलंस, मला कळत होतं. गेल्या गुरुवारी ती भजनाला गेली. आवाज अजून पूर्ण सुटलेला नाही, वरच्या पट्टीत अडकतो, पण गायली.

सुगरण_मावशी | ३ डिसेंबर, रात्री ९.२८

वाचताना डोळे भरून आले गं.

शंकासूर | ३ डिसेंबर, रात्री ९.५०

अभिनंदन. माझी टीएसएच २.४ निघाली होती, म्हणजे माझं १६५ थायरॉइडचं नव्हतं. स्टॅटिन सुरू आहे, पाय दुखत नाहीत. पण आरतीताई, १४० हे अजून जास्तच नाही का?

निळावंती | ३ डिसेंबर, रात्री १०.३६

शंका बरोबर आहे. थायरॉइडमुळे चढलेलं होतं तेवढं उतरलं, उरलं ते त्यांचं स्वतःचं. आता वय, रक्तदाब, साखर बघून स्टॅटिनचा विचार करता येईल, आणि आता ते दिलं तर पचेलही. हे तुमच्या सांगलीच्या डॉक्टरांशी बोला. आरती, तुमच्या दोघांच्या तपासणीचं काय झालं?

आरती_मिरज | ३ डिसेंबर, रात्री १०.५८

माझं एलडीएल ११८, टीएसएच १.९. दादाने आजच दिलं होतं, रिपोर्ट आत्ता मोबाइलवर आला. वय ३६. टीएसएच २.२. एलडीएल १८७.

निळावंती | ३ डिसेंबर, रात्री ११.०४

त्याची टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे इथे थायरॉइडचं कारण नाही. ३६ व्या वर्षी १८७ आणि वडील ४९ व्या वर्षी गेलेले. हे आनुवंशिक असू शकतं, टाचेवरच्या आणि हाताच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) तपासून घ्याव्या लागतील. त्याला मुलं आहेत का? या आठवड्यातच दाखवा.

आरती_मिरज | ३ डिसेंबर, रात्री ११.१०

एक मुलगी, सात वर्षांची. शुक्रवारी आईची वेळ घेतलेलीच आहे, त्यातच दादाला नेते. वहिनीशी आत्ताच बोलले.